एका ताटाचा पुरावा

मासळीच्या हॉटेलात एकदा जेवण फसले की बहुतेक घरांत त्या हॉटेलाचे नाव कायमचे कटते. सुरमई तेलकट होती, बोंबील लिबलिबीत होते, सोलकढी फुटली होती. झाले, तिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही. घरी पोचेपर्यंत हे मत नातेवाइकांच्या ग्रुपवरही गेलेले असते. असे करणाऱ्यांची बाजू सरळ आहे. पैसे मोजले, वेळ घालवला, समोर आले ते खाऊन पाहिले. आता आणखी काय तपासायचे? शितावरून भाताची परीक्षा होते, मग ताटावरून हॉटेलाची का होऊ नये? माझे मत याच्या नेमके उलट आहे. चवीच्या बाबतीत एका जेवणाचा पुरावा अगदी तोकडा असतो. त्यावर कायमचा निकाल देणे चूक आहे, आणि ती चूक झाली हे निकाल देणाऱ्याला पुढे कधीच कळत नाही, ही तर त्याहून गंभीर गोष्ट आहे. म्हणून चांगले नाव असलेल्या हॉटेलात एकदा जेवण बिघडले, तर वार, वेळ आणि पदार्थ बदलून तिथे आणखी एकदा जावे.

आधी त्या म्हणीचे पाहू. एक शीत दाबून भात शिजला की नाही हे कळते ते का? कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना पाणी तेच, आच तीच, वेळही तोच. शीत त्या पातेल्याबद्दल खरे बोलते. काल लावलेल्या भाताबद्दल ते काहीच सांगत नाही, उद्याच्या भाताबद्दलही नाही. एक ताट हे त्या दिवसाच्या, त्या तासाच्या स्वयंपाकाचे शीत आहे. हॉटेल मात्र वर्षाचे तीनशेहून जास्त दिवस, दिवसातून दोन वेळा चूल पेटवते. म्हण खोटी नाही. आपण तिला जेवढे झेपते त्याहून मोठे काम देतो.

हा दिवसादिवसातला, तासातासातला फरक किती मोठा असतो ते भटारखान्यात पाहावे. बोंबिलाचेच घ्या. ओल्या बोंबिलात पाणी फार. तो उभा चिरतात, मधला काटा काढतात, फडक्यात पसरून वर पाटा किंवा तसेच काही जड ठेवतात. पाणी निथळून तो चपटा झाला की हळद, मीठ, तिखट, आगळ लावायचे आणि रव्यात घोळवून तव्यावर सोडायचे. दाबणे नीट झाले असेल तर बोंबील काठाला कुरकुरीत होतो आणि आत मऊ राहतो. रविवारी दीड वाजता, नंबर लावून माणसे दारात ताटकळत असताना, हेच दाबणे अर्ध्यावर सुटते. मग तो तव्यावर तळला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो. सुरमईचीही तीच कथा. तव्यावर चार तुकड्या असल्या की तेल कडकडीत राहते आणि रवा लगेच धरतो. एकदम पंधरा तुकड्या पडल्या की तेल निवते, रवा तेल पितो आणि ताटात तेलकट मासा येतो. वस्ताद तोच, मसाला तोच, सकाळी बंदरावरून आणलेली सुरमईही तीच. साडेबाराच्या पंगतीला ती एक निघते आणि दीडच्या पंगतीला दुसरीच. त्यात आपल्याकडे सामिष खाण्याचे वार ठरलेले आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि बऱ्याच घरांत मंगळवारही वर्ज्य, म्हणून सगळी गर्दी बुधवार, शुक्रवार आणि रविवारवर येऊन पडते. सहकुटुंब जेवायला जाणारा माणूस साहजिकच रविवार निवडतो, म्हणजे स्वयंपाकघरावर सर्वांत जास्त ताण असतो तोच दिवस.

तासाचा फरक असा, तर ऋतूचा त्याहून मोठा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, ही दोन्ही कारणे रास्त आहेत. पण या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई किंवा पापलेट बहुधा शीतगृहातले असते, नाहीतर लांबून बर्फात आलेले. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला उठते, तेव्हा तिकडचा मासा इकडे येऊ शकतो, पण प्रवास करून. आणि आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी, बहुतेक वर्षी जुलैअखेरीच्या आसपास येते. पुढे श्रावण पाळायचा म्हणून माणसे त्या आठवड्यात मासळीच्या हॉटेलांवर तुटून पडतात. ताजी मासळी सर्वांत कमी आणि गर्दी सर्वांत जास्त, असा हा योग. जाणते खवय्ये या दिवसांत खाडीची मासळी, तिसऱ्या किंवा सुका जवळा मागवतात. ज्याने गटारीच्या रविवारी सुरमईची थाळी मागवली आणि निराश होऊन त्या हॉटेलावर काट मारली, त्याने पावसाळ्याची परीक्षा घेतली आणि नापास हॉटेलाला केले. नोव्हेंबरमधल्या एखाद्या बुधवारी त्याच टेबलावर काय आले असते, हे त्याला ठाऊक नाही.

आणि ते त्याला कधीच ठाऊक होणार नाही. माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. येर्कर डेनरेल आणि जेम्स मार्च या अभ्यासकांनी २००१ साली हा दोष नीट मांडून दाखवला. अनुभव चांगला आला की आपण तीच गोष्ट पुन्हा करतो, वाईट आला की टाळतो. वरवर पाहता ही शहाणपणाची रीत आहे. पण तिच्यामुळे आपल्या चुका दोन बाजूंना सारख्या सुधारत नाहीत. समजा, एकाच तोलाची दोन हॉटेले आहेत. पहिल्यात आपण त्याच्या चांगल्या दिवशी गेलो, दुसऱ्यात त्याच्या वाईट दिवशी. पहिल्यात पुन्हा जाणार, तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याचाही वाईट दिवस पाहणार, आणि आपले मत जागेवर येणार. दुसऱ्यात आपण जाणारच नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलचे मत पहिल्या दिवशी होते तेच राहणार. आवडत्या हॉटेलांची यादी काळाबरोबर खरी होत जाते. नावडत्यांच्या यादीत मात्र योगायोगाने सापडलेली चांगली हॉटेले वर्षानुवर्षे अडकून पडतात. दुसरी भेट हा त्यांना बाहेर काढायचा एकमेव मार्ग आहे. ही हॉटेलावर केलेली मेहेरबानी मुळीच नव्हे. खाणाऱ्याने स्वतःच्या माहितीची केलेली दुरुस्ती आहे.

ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबर्न १९५७ साली आले आणि त्यांनी हॉटेल-परीक्षणाला शिस्त लावली: ओळख द्यायची नाही, बिल वृत्तपत्राने भरायचे, आणि एकाहून जास्त वेळा जेवल्याशिवाय लिहायचे नाही. त्याच वृत्तपत्राच्या रूथ रायशल यांनी १९९३ साली ल सर्क या नामांकित हॉटेलाबद्दल लिहिले ते वेषांतर करून आणि उघडपणे, अशा दोन्ही तऱ्हांनी जेवून आल्यावर. अनोळखी बाई म्हणून गेल्या तेव्हा मिळालेली वागणूक आणि समीक्षक म्हणून ओळखल्यावर मिळालेली वागणूक यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. एकच भेट घेतली असती तर दोन्हीपैकी कुठलेही एक चित्र पूर्ण खरे म्हणून छापले गेले असते. ज्यांची जीभ तयार झालेली आहे त्यांना एक भेट पुरत नाही, मग आपल्याला ती कशी पुरावी?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. समीक्षकाचे बिल वृत्तपत्र भरते. चौघांचे कुटुंब महिन्यातून एकदा बाहेर जेवते, त्याचे बिल कोण भरणार? हॉटेलाने सुधारावे म्हणून गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा का खर्चात पडावे? याचे उत्तर असे, की पहिली आणि दुसरी भेट सारखी असायचे कारणच नाही. पारखायला चार थाळ्या लागत नाहीत. एकट्याने किंवा दोघांनी, गर्दी नसलेल्या वेळी जाऊन, त्या घरची जी खासियत असेल तेवढीच मागवली तरी पुरते. आणि हिशेब पुढच्या वर्षांचाही करावा लागतो. घराजवळचे एक चांगले हॉटेल एका रविवारपायी गमावले, तर पुढच्या प्रत्येक वेळी लांब जाऊन किंवा नवीन ठिकाणी फसून त्याची किंमत मोजावीच लागते. तरीही एखाद्याला एवढाही खर्च करायचा नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. ‘मी पुन्हा जाणार नाही’ हे त्याचे खाजगी मत झाले. ‘ते हॉटेल वाईट आहे, कोणीच जाऊ नका’ हा मात्र जाहीर निकाल आहे, आणि तो एका ताटावर देता येत नाही.

दुसरा आक्षेप असा: चांगले हॉटेल तेच, जिथे रोज तीच चव मिळते, जे रविवारी घसरते त्याच्यात सातत्य नाही आणि तोच त्याचा दोष. सातत्य हा गुण आहे हे मान्य. पण सातत्य नाही असे म्हणायला निदान दोन अनुभव लागतात. एकाच अनुभवावरून कोणी सातत्याबद्दल बोलू शकत नाही, म्हणजे हा आक्षेप घेणाऱ्यालाही दुसऱ्यांदा जावेच लागेल. आणि कोणते सातत्य हवे, हेही विचारले पाहिजे. जिथे वाटण मध्यवर्ती कारखान्यात पिंपाने तयार होऊन पाकिटातून येते, मासा एका मापाचा गोठवलेला येतो आणि स्वयंपाकघरात फक्त गरम करण्याचे काम उरते, तिथे बारा महिने चव सारखी राहणारच. जो माणूस रोज सकाळी बंदरावर जाऊन मिळेल ती मासळी घेतो, नारळ फोडून वाटण घालतो, बांगड्याच्या कालवणात तिरफळे ठेचून टाकतो, त्याचे ताट रोज थोडे वेगळे निघणार. एका चुकीला बाद हा नियम सगळ्यांनी पाळला, तर हा दुसरा माणूस बुडेल आणि पहिला टिकेल. मुंबई-पुण्यात आज कुठेही गेले तरी तीच लाल आणि तीच पांढरी ग्रेव्ही भेटते म्हणून आपण हळहळतो. त्या एकसारखेपणाला आपली असहिष्णुताही हातभार लावते, हे कबूल केले पाहिजे.

मग काहीही खपवून घ्यायचे का? नाही. चूक आणि नियत यांत फरक करावा लागतो. मीठ जास्त पडले, मासा तेलकट झाला, भाकरी गार आली, ताट यायला पाऊण तास लागला: या गोष्टी स्वयंपाक्याच्या मनात नसताना घडतात. शिळा मासा मसाल्यात दडवणे, उष्ट्या ताटातला कांदा पुन्हा वाढणे, बिलात न खाल्लेले घुसडणे, गिऱ्हाइकाची जात-पात किंवा कपडे पाहून बोलणे: या गोष्टी ठरवून घडतात आणि दुसऱ्या भेटीत त्या सुधारलेल्या असतील असे मानायला आधार नाही. माशाच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न आहे. उन्हात राहिलेल्या बांगड्यात किंवा सुरमईत हिस्टॅमिन तयार होते आणि ते शिजवून, तळून जात नाही. खाताना जीभ चुरचुरली, थोड्या वेळाने तोंड लाल झाले, अंगावर गांधी उठल्या, तर आधी डॉक्टर गाठावा. मग हॉटेलात लावलेल्या परवान्यावरचा चौदा आकडी क्रमांक घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. तिथे दुसऱ्या संधीचा विषयच निघत नाही. माझे सगळे म्हणणे चवीपुरते आहे.

आता राहतो तो बाजाराचा मुद्दा. गिऱ्हाईक गेले की मालक आपोआप सुधारतो, असे म्हणतात. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या समजुतीतली उणीव दाखवली. मुकाट्याने निघून जाणारे गिऱ्हाईक काहीतरी बिघडले आहे एवढेच सांगते, काय बिघडले ते सांगत नाही. मालक गल्ल्यावर बसतो, रविवारी दीड वाजता तव्यावर काय चालले आहे हे त्याला दिसतेच असे नाही. आपण ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ म्हणून मान डोलावतो, बाहेर पडतो आणि इंटरनेटवरच्या परीक्षणात तारा एक देतो. तोंडावर बोलायला संकोच आणि मागे कठोर शिक्षा, ही रीत न्यायाची नाही. त्या ताऱ्याचे वजनही थोडेथोडके नसते. हार्वर्डमध्ये असताना मायकल लुका यांनी सिअ‍ॅटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास २०११ साली मांडला. येल्प या परीक्षणांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले, आणि हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होतो, साखळी हॉटेलांवर नाही. वीस जणांनी मिळून सरासरी साडेचार तारे दिलेल्या लहानशा खानावळीला एकाने एक तारा दिला तर तिची सरासरी ४.३ वर येते. एका माणसाच्या एका दुपारचा हा भार एका कुटुंबाच्या पोटावर पडतो.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. आपल्या यादीतून काट मारलेली हॉटेले आठवा. ज्यांच्यावर काट नियत खोटी म्हणून नव्हे, निव्वळ चवीमुळे बसली आहे, त्यांतले एक निवडा. पावसाळा सरल्यावर एखाद्या बुधवारी साडेबाराच्या सुमारास तिथे जा, त्या दिवशी ताजे काय आले आहे ते विचारा आणि तेच मागवा. जेवण पुन्हा फसले, तर उठताना गल्ल्यावर काय बिघडले ते नीट सांगा, आणि मग खुशाल नाव कटवा.