केस इंटरव्ह्यू : परीक्षा गुणवत्तेची की सरावाची?

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेतला एक मुलगा इंजिनिअर झाला आणि एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीच्या मुलाखतीला गेला. प्रश्न आला, "एका गोल्फ क्लबचे सभासद कमी होत आहेत. काय कराल?" मुलाने आयुष्यात गोल्फचे मैदान पाहिलेले नाही. सभासद वर्षाचा असतो की जन्माचा, क्लबला पैसा खेळातून मिळतो की जेवणातून, काहीच ठाऊक नाही. विचारायची लाज वाटली. पाठ केलेली नफा-तोट्याची आकृती त्याने कागदावर काढली आणि पाचव्या मिनिटाला गप्प झाला. परत आल्यावर म्हणाला, "दादा, आपली बुद्धीच तेवढी नाही."

नोकरी गेली ते एकवेळ सोसता येईल. हे वाक्य सोसता येत नाही. म्हणून हा लेख.

मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांसारख्या कंपन्या उमेदवाराला एखादी अडचण देतात आणि अर्ध्या तासात, मोठ्याने विचार करत ती सोडवायला सांगतात. हीच 'केस'. नेहमीच्या केस ठरलेल्या असतात : नफा घटला, नव्या बाजारात उतरायचे, वस्तूची किंमत ठरवायची. त्यांचे साचे तयार मिळतात. नामांकित व्यवस्थापन संस्थांत कन्सल्टिंग क्लब असतात, सीनियर ज्युनियरांच्या सराव-मुलाखती घेतात. डझनावारी केस सोडवूनच मुले खऱ्या मुलाखतीला बसतात. मग निकाल लागतो आणि या सरावाला नाव मिळते 'मेरिट'!

खासगी क्षेत्रात आरक्षण नको, तिथे निव्वळ गुणवत्ता चालते, असे आपल्याला सतत ऐकवले जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित नावांना बोलावणी कमी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की गुणवत्तेच्या गोष्टी करणारेच उमेदवाराच्या 'फॅमिली बॅकग्राउंड'ला वजन देतात. आणि कोडी घालून बुद्धी मोजण्याचे म्हणाल, तर गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीच 2013 मध्ये जाहीर सांगितले की अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे कसे काम करेल हे काहीच कळत नाही.

मग या मुलाखती वाईट म्हणून आपण तिकडे फिरकायचेच नाही का? आमचे मत उलट आहे. साच्यात न बसणारा प्रश्न आला की साचे पाठ केलेल्याची आघाडी संपते. महापालिकेच्या रुग्णालयातली रांग कशी कमी कराल? सरकारी शाळेतली गळती कशी थांबवाल? इथे 'नफा' हा शब्दच नाही. अशा प्रश्नात आधी उद्दिष्ट शोधावे लागते, आणि प्रश्नातच खोट असेल तर तीही दाखवावी लागते.

हे आपल्याला नवे आहे का? 1918 साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तेव्हाचे जाणकार म्हणत होते, तुकडे लहान आहेत, ते जोडा आणि मोठे करा. बाबासाहेबांनी प्रश्नच तपासला. जमीन किती एकर आहे यावरून ती परवडते की नाही हे ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती आणि माणसे किती, त्या प्रमाणावरून ठरते. भांडवल अपुरे आहे, रिकामे हात जास्त आहेत. म्हणून उपाय शेताच्या बांधावर नाही, औद्योगिकीकरणात आहे. अवघड केस सोडवण्याचा याहून चांगला नमुना आम्हाला माहीत नाही.

आता आपल्या ओळखीचा एक प्रश्न घेऊ. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पिण्याचे पाणी किती लागेल? आधी विचारायचे : फक्त पिण्याचे ना? किती दिवसांचे? मग आकडे धरायचे, आणि ते धरलेले आहेत हे सांगायचे. समजा 10 लाख माणसे, प्रत्येकाचा मुक्काम सरासरी दीड दिवस, दिवसाला 4 लिटर. झाले 60 लाख लिटर. 10 हजार लिटरचा टँकर धरला तर 600 खेपा. साचेवाला इथे थांबेल. पण जो आईचे बोट धरून त्या रांगेत उभा राहिला आहे, तो पुढे बोलेल : "सर, गर्दी तीन दिवस सारखी नसते. 5 तारखेच्या रात्रीपासून 6 च्या दुपारपर्यंत ती दाटते. त्यामुळे एकूण लिटरपेक्षा त्या तासांत किती नळ चालू आहेत आणि रांगेपासून किती लांब आहेत, ते आधी पाहिले पाहिजे." याला म्हणतात उत्तर. ते कुठल्या क्लबात शिकवत नाहीत.

आणि गोल्फ आला तर? सरळ म्हणायचे, "सर, मी हा खेळ जवळून पाहिलेला नाही. सभासद पैसे कशाकशाचे देतो, ते सांगाल का?" विचारणे हा केसचाच भाग आहे. ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारायची बंदी होती, त्यांच्या नातवंडांना ही लाज वाटते. ती लाज आपली नाही, आपल्यावर लादलेली आहे. एक मिनिट मागून शांत बसा, कागदावर स्वतःच्या फांद्या काढा, शेवटी निर्णय आधी सांगा आणि कारणे नंतर. इंग्रजी साधी असली तरी चालते, विचार तुटक नको.

कंपन्यांनाही आमचे सांगणे आहे. सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारा, गुण कशाला देणार ते आधी ठरवा, ज्या जगाची माहिती फक्त तुमच्या वर्गाला आहे त्यावर केस बेतू नका. बाप काय करतो हे विचारणे बंद करा. आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीवर आमची माणसे दिसू द्या.

पण त्यांची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्यातले जे या कंपन्यांत पोहोचले आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार अभ्यासिकेला द्यावा. एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी एक फळा आणि दर आठवड्याला दोन केस, एवढ्यावर सुरुवात होते. 'शिका'चा अर्थ पदवीपाशी संपत नाही.

तो मुलगा आता आमच्याकडे दर शनिवारी इतरांची सराव-मुलाखत घेतो. पहिला प्रश्न गोल्फ क्लबचाच विचारतो.

जय भीम!