आडनावाविना भरणारी बैठक

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षाकाठी १४,००० कोटी रुपयांची जादा प्राप्ती होईल, असा हिशेब मांडला. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने ज्या राज्यसंस्थेला दारूबंदीच्या दिशेने जाण्यास सांगितले, तिनेच तिजोरीचा खड्डा बाटलीने बुजवावा, या विसंगतीवर टीका झालीच पाहिजे. आज मात्र आम्हांला आपल्याच चळवळीतील एका उणिवेबद्दल लिहावयाचे आहे.

मराठवाड्यातील दारूबंदीची चळवळ ही प्रामुख्याने स्त्रियांची चळवळ आहे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद होते. त्यासाठी आपले कार्यकर्ते उन्हातान्हात घरोघर फिरतात, हे योग्यच आहे. पण दुकानाला कुलूप लागले त्या सायंकाळी जो मनुष्य पंधरा वर्षांच्या सवयीने घराबाहेर पडतो, त्याने जावयाचे कोठे? त्याची एक बैठक आपण मोडली. दुसरी दिली नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांना आपण सभांतून शपथा देतो. (शपथ देणाऱ्यांपैकी किती जण सभेनंतर कोठे जातात, हा प्रश्न प्रत्येक तालुका शाखेने स्वतःलाच विचारावा.)

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातील दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन हताश मद्यपी एकमेकांशी बोलत बसले. त्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या बैठकीत व्याख्यान नसते, वर्गणीची सक्ती नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. एक जण उठतो, आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. बाकीचे ऐकतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही हे समूहाचे बळ उपचाराचा कणा ठरले. या पद्धतीला शास्त्राचा आधार काय, असे विचारणाऱ्यांसाठी सांगावयाचे, तर २७ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० सालच्या कोक्रेन समीक्षेत, संपूर्ण मद्यमुक्ती टिकविण्याच्या बाबतीत ही पद्धत अन्य मानसोपचारांहून काकणभर सरसच आढळली.

फक्त पहिले नाव सांगण्याच्या या नियमाला आपल्याकडे एक निराळाच अर्थ येतो. मुखेडला काय, निलंग्याला काय, नवख्या माणसाला पाण्याच्या तांब्यापाठोपाठ आडनाव विचारले जाते आणि आडनावावरून बाकी सारे ताडले जाते. जेथे आडनाव विचारायचेच नाही, अशी जागा आपल्या पक्षाच्या बैठकीतही अजून निर्माण झालेली नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तेथे शिक्षक आणि हमाल एकाच सतरंजीवर बसून एकाच पराभवाविषयी बोलतात.

अडचणी आहेत. लहान गावात दारासमोर लावलेल्या सायकलीवरूनही माणूस ओळखला जातो. म्हणून लोह्याच्या माणसाने नांदेडला आणि औशाच्या माणसाने लातूरला जावे, हे सोयीचे. पण त्यात एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी आली. त्याआधी डॉक्टरही हवाच. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. ‘कोंडून ठेवा, उतरेल’ असा सल्ला आपल्या कार्यकर्त्याने कोणालाही देऊ नये. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मानसोपचार विभागापर्यंत माणसाला सोबत करावी आणि गटाची चौकशीही तेथेच करावी.

ऊसतोड मजुरांचा प्रश्न याहून बिकट आहे. कंधार-मुखेडकडील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. आठवड्याच्या बैठकीत नुकतेच रुळू लागलेले पाऊल तेथेच अडते. ज्या उसाला तो कोयता लावतो, त्याच्याच मळीतून मद्यार्क निघतो आणि पुढे देशी दारूच्या बाटलीतून त्याच्या कोपीपर्यंत पोहोचतो. साखर कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या मधल्या जागेत आठवड्यातून एक संध्याकाळ अशी बैठक भरावी, ही मागणी आपण मजुरीच्या दराबरोबरच मांडली पाहिजे.

या बैठकांत ‘परमशक्ती’चा उल्लेख होतो, यावर आपल्यातील काही बुद्धिवादी मित्रांचा आक्षेप आहे. तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसे आपण मराठवाड्यात शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यांना माळेने सावरले की दिंडीतील सोबतीने, हा वाद खुशाल चालू ठेवावा. पण नास्तिकालाही तेथे मज्जाव नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आमची सूचना साधी आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्रत्येक शाखेने आपल्या कार्यालयाची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गटाला द्यावी, आणि शक्य असेल तेथे मद्यपींच्या घरच्या स्त्रियांसाठी आणखी एक. त्या वेळी फलक झाकावा, झेंडा आत घ्यावा, हजेरी मागू नये, निवडणुकीच्या दिवसांत तर त्या दारात उभेही राहू नये. हा गट कोणत्याही पक्षाचा पुरस्कार करीत नाही आणि बाहेरची देणगी स्वीकारीत नाही. तेव्हा खोलीचे अल्पसे भाडे त्यांनी देऊ केले, तर ते मुकाट्याने घ्यावे आणि चहाचे पैसेही त्यांचे त्यांनाच देऊ द्यावेत.