पत्र लिहिणारी नवरी

कार्तिकी एकादशी झाली की दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीचे लग्न लागते. वृंदावनाला गेरूचा हात दिला जातो, भोवती ऊस उभे राहतात, बोरे-चिंचा-आवळे मांडले जातात. घरातलीच दोघे अंतरपाट धरतात, मंगलाष्टके संपतात आणि अक्षता पडतात. चातुर्मासात थांबलेली लग्नसराई इथून पुन्हा सुरू होते. याच दिवसांत कितीतरी घरांत आजी किंवा मावशी देवघरातली एक पोथी काढून लग्नाच्या वयाच्या मुलीच्या हाती देते. पोथी असते संत एकनाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’. ‘रोज थोडे वाच, मनाजोगता नवरा मिळेल,’ असे तिला सांगितले जाते.

फळासाठी वाचलेल्या पोथीतली गोष्ट कधी कधी नजरेआड होते. ही गोष्ट मात्र नजरेआड होऊ देण्याजोगी नाही. भागवताच्या दशम स्कंधातून नाथांनी ती घेतली. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याचा थोरला मुलगा रुक्मी आणि मुलगी रुक्मिणी. वडिलांच्या मनात श्रीकृष्ण होता. पण रुक्मीने बहिणीचे लग्न चेदिराज शिशुपालाशी ठरवले आणि मुलासमोर बापाचे काही चालले नाही. मांडव पडले, वऱ्हाड निघाले. अशा वेळी अंतःपुरातली ही मुलगी एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र पाठवते.

भागवतात हे पत्र अवघ्या सात श्लोकांचे आहे. त्यात प्रेमाची कबुली आहे, ‘मी तुम्हाला मनाने वरले आहे’ हे सांगण्याचे धैर्य आहे. पण त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्यात पुरता बेत आखलेला आहे. अंतःपुरातून मला न्यायचे तर माझ्या आप्तांचे रक्त सांडेल, ही अडचण तीच मांडते आणि तोडही तीच सुचवते. आमच्या कुळाची रीत आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते. तिथून मला घेऊन जा. वेळ, जागा, वाट, सगळे तिने ठरवलेले. आपण या प्रसंगाला ‘रुक्मिणीहरण’ म्हणतो. जिने स्वतःच मार्ग आखला, तिचे ‘हरण’ झाले असे कसे म्हणावे? नाथांनी आपल्या ग्रंथाला ‘स्वयंवर’ म्हटले, तोच शब्द खरा आहे.

रुक्मिणीजवळ सैन्य नव्हते, धन नव्हते, उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. तिच्याजवळ अक्षर होते आणि स्वतःच्या मनाची पक्की ओळख होती. आपल्या परंपरेत स्त्रीच्या शक्तीचे रूप म्हटले की अष्टभुजा डोळ्यांसमोर येते. रुक्मिणीची शक्ती साध्या दोन हातांची आहे, म्हणून ती कोणत्याही घरातल्या मुलीला आपली म्हणता येते.

महाराष्ट्राने तर ती मनापासून आपली मानली. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, तेच तिचे माहेर. दर आषाढीला तिची पालखी तिथून पंढरपूरला निघते. ती देवीदर्शनाला गेली ते मंदिर म्हणजे आपली अंबादेवी, असे अमरावतीकर मानतात. त्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महदाइसेने ‘धवळे’ गायले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती, आणि तिच्या गाण्याचा विषय रुक्मिणीचेच लग्न. महदाइसा विधवा होती. ज्या समाजात विधवेची सावलीही मंगलकार्यात नको असे, तिथे एका विधवेने लग्नाची गाणी रचली आणि मराठी स्त्रीची कविता सुरू झाली. पुढे नरेंद्राने 1292च्या सुमारास आणि नाथांनी 1571 साली काशीत हीच कथा लिहिली. नाथांच्या 18 प्रसंगांत ती जीव आणि शिव यांच्या भेटीचे रूपक होते. रूपक असले म्हणून काय झाले? जिवाची ओढ सांगायला नाथांना स्वतः निवड करणारी मुलगीच योग्य वाटली.

आणि पंढरपुरात पाहावे, तर रखुमाई विठोबाच्या शेजारी नाही. तिचे मंदिर मागच्या बाजूला, स्वतंत्र. लोककथा सांगते की द्वारकेत राधेला कृष्णाजवळ पाहून ती रुसली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत देव इथवर आला. जिने पत्र लिहून प्रेम मागितले, तिने अपमान वाटताच पाठ फिरवली. प्रेम आणि स्वाभिमान एकाच मनात नांदतात, हे वारकऱ्यांना दरवर्षी दोन मंदिरांतली दोन दर्शने सांगत असतात.

1916 साली खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आले. भास्करबुवा बखले यांच्या चालींनी आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीने महाराष्ट्र वेडा झाला. तेव्हाच्या नामांकित नाटक मंडळ्यांत स्त्रीची भूमिका पुरुषच करत. स्वतःचा वर स्वतः निवडणारी नायिका प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली, पण ती भूमिका करायला स्त्री रंगमंचावर नको होती. 1933 साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा तो अडसर हलू लागला.

आता त्या गोष्टीतल्या भावाकडे वळायला हवे. रुक्मी कृष्णाच्या मागे धावला, लढला, हरला. कृष्णाने तलवार उगारली तेव्हा रुक्मिणीने पाय धरून भावाचे प्राण मागितले. ज्याने तिला विचारलेही नव्हते, त्याच्यासाठी तिने हे केले. तिला प्रेम हवे होते आणि माहेरही जिवंत हवे होते. आजही घरातून निघून गेलेल्या बहुतेक मुलींना नेमके हेच हवे असते.

2016 साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने ही गोष्ट आपल्या काळात आणून ठेवली. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आवडल्या परजातीच्या मुलाला समोरून सांगते. पळून गेल्यावर, संसार उभा राहिल्यावर तिचा भाऊ माणसांसह दारात येतो, सोबत माहेरच्या भेटवस्तू असतात. ती आनंदाने त्यांच्यासाठी चहा टाकते. पुढचे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. रक्तात उमटलेली तिच्या बाळाची इवली पावले पाहून थिएटरातला शिट्ट्यांचा गलका क्षणात मुका झाला होता. रुक्मिणीने रुक्मीला वाचवले. आर्चीच्या भावाने आर्चीला वाचू दिले नाही. जात आडवी आली की पोथी वाचणारी घरेही रुक्मीच्या बाजूला जाऊन उभी राहतात, हे कबूल करायला हवे.

कायदा मुलीच्या बाजूने आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवले तर कुटुंबाची वा जमातीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात 2018 साली सांगितले आणि अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश दिले. पण 1954च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीची अट आहे. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर दोघांची नावे, वय, व्यवसाय आणि पत्ता 30 दिवस लागतो. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या कार्यालयातही नोटिशीची प्रत लावली जाते. रुक्मिणीचे पत्र गुप्त राहिले म्हणून तिचा बेत सिद्धीला गेला. तिचे पत्र कौंडण्यपूरच्या वेशीवर महिनाभर लावले असते तर? ही अट बदलण्याची मागणी संसदेने मनावर घ्यायला हवी.

कायद्याच्या आधी मात्र घर येते. तुळशीच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्या हातांत घरातल्या भावाचे हात असतील. अक्षता टाकणाऱ्यांत वडील, काका, मामा असतील. मनाजोगता नवरा मिळावा म्हणून ही पोथी मुलींना देत कित्येक पिढ्या गेल्या. मुलींनी ती नीट वाचली. मनाजोगता म्हणजे कोणाच्या मनाजोगता, हेही त्यांना कळले. आता पत्राचा प्रसंग उघडून ती पोथी भावांच्या हाती द्यावी.