स्वमग्न मुले आणि उपचारांचा बाजार

गरिबाच्या मुलाला उपचार मिळाले नाहीत तरी निदान रोगाचे नाव तरी कळते, अशी एक समजूत आहे. स्वमग्नतेच्या बाबतीत तीही खरी नाही. वर्षाचे मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, नजरेला नजर देत नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आलेले शब्दही हरवून बसते. मोटारीशी खेळण्याऐवजी तिचे चाकच तासन्‌तास फिरवीत राहते. अशी लक्षणे दिसली की तज्ज्ञाकडून तपासणी व्हावयास हवी. त्यासाठी यंत्र लागत नाही. रक्ताची अशी तपासणी तर अस्तित्वातच नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना विचारावयाची २० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. पण घरात ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता’ असे सांगितले जाते, आणि पुष्कळदा डॉक्टरही तीच री ओढतात. शिकण्यास सर्वांत अनुकूल असलेली वर्षे अशी हातची जातात.

उशीर पुरेसा नव्हता म्हणून की काय, दोष आईच्या माथी मारला गेला. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये आईच्या थंडपणाला जबाबदार धरले; तेही बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच हा सिद्धान्त खोडून काढला असताना! स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे व तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता निर्विवाद आहे. तरीही सासरी बोलणी खाते ती आईच. आजकाल त्यासाठी मोबाईलचे निमित्त पुरते.

आता बाजाराकडे वळू. ग्राहक माल पारखून घेतो, हे बाजाराच्या तत्त्वज्ञानाचे पहिले गृहीतक. येथे ग्राहक म्हणजे धास्तावलेले आईबाप. त्यांना माल पारखता येत नाही आणि थांबणेही परवडत नाही. स्वमग्नता घालविणारे औषध नाही. उपयोग होतो तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तनाचे शिक्षण आणि स्वतः पालकांचे प्रशिक्षण यांचा, आणि तोही वर्षानुवर्षे चिकाटी धरली तर. शहरात हे सारे तासाच्या दराने विकले जाते. त्याच्याही पुढे मूलपेशी टोचण्याचा धंदा आहे. रक्ताच्या काही विकारांखेरीज अन्यत्र हा उपचार संशोधन-चाचणीबाहेर करू नये, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले असतानाही स्वमग्न मुलांच्या पालकांकडून त्यासाठी लाखो रुपये उकळले गेले. घर गहाण टाकणाऱ्या बापाला अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. सार्वजनिक रुग्णालयाचे दार त्याला बंद दिसले, हे त्या टीकाकारांना दिसत नाही.

राज्यसंस्थेने काय केले? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील यादीत स्वमग्नतेला स्थानच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत तिला गणले. २०१३ पासून बालकांच्या आरोग्य-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजनाही आहे. तरतुदी आहेत, तालुक्याच्या गावी वाचा-उपचारक शोधून मिळत नाही. प्राप्तिकरात वजावटही आहे, पण ज्याला करपात्र उत्पन्नच नाही त्या शेतमजुराने ती कशातून वजा करावयाची?

‘देश गरीब आहे, एवढे तज्ज्ञ कोठून आणणार?’ हा युक्तिवाद ठरलेलाच. वस्तुतः १९७५ पासून खेड्यापाड्यांत अंगणवाडी उभी आहे, आणि सेविका प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखते. मात्र तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. वजने, आहार, सर्वेक्षणे यांच्या ओझ्यावर ही प्रश्नावलीही फुकट लादणे म्हणजे एका शोषणावर दुसऱ्याचा उतारा. शिवाय मूल हेरून ठेवले आणि पुढे पाठवावयास जागाच नसली, तर त्या निदानाला क्रौर्यच म्हणावे लागेल. म्हणून सेविकेचे वेतन व प्रशिक्षण आणि तालुक्यातील उपचारकाची नेमणूक या मागण्या एकत्रच मांडावयास हव्यात.

श्रमिकांच्या चळवळीने हा प्रश्न आजवर दानधर्माच्या खात्यावर टाकला, हेही सांगावयास हवे. अशा मुलासाठी मजुरी सोडून घरी बसलेल्या आईचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत; चळवळीच्या मागणीपत्रकातही ते क्वचितच आढळतात. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा परिषदेत आणि जिल्हा रुग्णालयात एवढे तरी लेखी विचारावे: वाचा-उपचारक व व्यवसायोपचारक यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रिकामी पदे केव्हापासून रिकामी आहेत?