चर्चा चालवणाऱ्याने गप्प बसू नये

दिवाळीच्या सुट्टीत राजपुऱ्याला घरी गेले होते. बुऱ्हाणपुरातले आम्ही सात-आठ जण सुट्टीत आमच्या ओट्यावर जमतो. कोणी बीएस्सीचं, कोणी कॉमर्सचं, साहित्याची मी एकटी. त्या संध्याकाळी विषय होता राखीगढीचा डीएनए, आणि चर्चा चालवायची होती मी. ते काम मला नीट जमलं नाही.

विषय थोडक्यात सांगते. हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठ-एक सांगाड्यांचे नमुने तपासले. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. कामाचा निघाला तो एकाच स्त्रीचा. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात निबंध आला : तिच्यात स्टेप गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये दुसरा निबंध आला, काही लेखक तेच : हा अंश आपल्याकडे नंतर, इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान आला. नीट वाचलं तर दोन्हींत भांडण नाही. पण बाहेर लगेच दोन तट पडले, ‘आर्य आलेच नाहीत’ आणि ‘आलेच’.

आमच्या ओट्यावरही तेच. दहा मिनिटांत निबंध बाजूला पडला आणि ‘मग खरे इथले कोण?’ सुरू झालं. एक जण माझ्याकडे बघत म्हणाला, “तुमचं काय बाबा, तुम्ही चर्चवाले, तुम्ही तर बाहेरचेच!” सगळे हसले. मीही हसले. आजी चहा घेऊन आली होती. कप ठेवले आणि काही न बोलता आत गेली.

मला वाटत होतं, चर्चा चालवणाऱ्याने निःपक्ष राहायचं, म्हणजे मध्ये पडायचं नाही. चुकलंच माझं. निःपक्ष असणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. “हे निबंधात कुठे आहे?” एवढं जरी मी विचारलं असतं तरी पुरलं असतं. एका बाईच्या डीएनएवरून आज कोण इथलं आणि कोण बाहेरचं, याचा निकाल लागत नाही.

कोणी म्हणेल, असा राखणदार नेमला की तो नको ती मतं अडवणार. भीती खोटी नाही. प्रथिनांतले बरेचसे बदल निवडीने नव्हे, योगायोगाने टिकतात, असं किंग आणि ज्यूक्स यांनी मांडलं तेव्हा ‘सायन्स’ने निबंध आधी परत पाठवला. एका परीक्षकाच्या मते तो उघडच खरा, म्हणून क्षुल्लक. दुसऱ्याच्या मते उघडच चूक! लेखकांनी फेरविचार मागितला, निबंध १९६९ मध्ये छापून आला आणि पुढे रेण्वीय उत्क्रांतीच्या अभ्यासकांत वर्षानुवर्षं वाद रंगला. म्हणजे राखणदारही चुकतो. म्हणून त्याच्याकडे दाद मागायची सोय हवी. राखणदारच नको, असं नाही.

आपल्या मंडळासाठी तीन गोष्टी सुचवते. चर्चा चालवायची पाळी प्रत्येकाला यावी. बोलायचं ते समोरच्या मजकुरावर, समोरच्या माणसावर नाही. आणि ज्याला थांबवलं, त्याला शेवटी दोन मिनिटं मिळावीत.

उन्हाळ्यात ओट्यावर पुन्हा बसणार आहोत. तो मित्रही येणार आहे. या वेळी मी त्याला विचारणार आहे, आणि आजीलाही बाहेर बसायला सांगणार आहे.