पामतेलाचं पाकीट आणि बाबांची लॅब

या वेळचा विषय आमच्या स्वयंपाकघरातून आला. टॉवर चौकातून येताना मी पामतेलाचं पाकीट आणलं, स्वस्त म्हणून. बाबांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "अरे, सोयाबीनच्या मुलखात हे?"

बाबा 1990च्या दशकात इथल्याच एका सोया प्लांटच्या लॅबमध्ये होते. सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18 टक्के, बाकी बहुतेक पेंड. प्लांटवाले तिला डीओसी म्हणतात. पेंड परदेशी जायची, तेल इथे विकलं जायचं. 1994मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, 65 टक्के शुल्कावर. 1998मध्ये ते 15 टक्क्यांवर आलं. तेलाचा भाव पडला की प्लांट सोयाबीनला कमी भाव देणार, मग शेतकरी माल घरात दाबून ठेवणार, आणि मालावाचून प्लांट उभा. मी आठवीत असताना बाबांचा प्लांट कायमचा बंद झाला. पुढची दोन वर्षं माधव नगरातलं आमचं घर आईच्या शिकवण्यांवर चाललं.

पुढे सरकारने शुल्क वाढवलं. पण जागतिक व्यापार करारात आपण पामतेलासाठी 300 टक्क्यांपर्यंतची मोकळीक राखली होती आणि सोयातेलासाठी फक्त 45!

तरी सगळं खापर आयातीवर फोडणं मला पटत नाही, बाबांनाही नाही. ब्राझीलला हेक्टरी तीन टनांहून जास्त सोयाबीन होतं, आपल्याकडे टनाच्या आसपास. आणि खरं सांगू? माझी नोकरी त्याच खुल्या धोरणाची देणगी. 1997च्या करारामुळे कॉम्प्युटरवरचं शुल्क शून्यावर आलं. इथे कॉम्प्युटर बनवणारे मागे पडले, आम्ही कोड लिहिणारे पुढे गेलो.

खरी मेख दोन शुल्कांमधल्या फरकात आहे. मे 2025मध्ये कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20वरून 10 टक्के झालं. उपकर धरून कच्च्या आणि रिफाइंडमधला फरक 8.25वरून 19.25 टक्के झाला. म्हणजे तेल शुद्ध करायचं काम देशात राहणार. रिफायनरीवाले खूश. पण बंदराजवळच्या रिफायनरीला बाहेरचं कच्चं तेल आणखी स्वस्त मिळालं, तर माळव्यात सोयाबीन गाळणाऱ्याने काय करायचं?

"आणि उद्या तुझा कोडच बाहेरून फुकटात यायला लागला तर?" बाबांनी विचारलं. मी विषय बदलला.

पाकीट आईने फोडलं. भजी झाली. बाबांनी दोन जास्तच खाल्ली.