बोळ राखून सुधारलेलं गाव

रस्तारुंदीत जाणाऱ्या वाड्यांवर या सदरात लिहिलं, की पत्रं येतात आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो : ‘वाडे राखा म्हणता, पण ते माणसांच्या अंगावर कोसळतात त्याचं काय?’ या प्रश्नापुढे मी आजवर गप्प बसत आलो. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा डकवल्या जातात, आणि तरी कुठेतरी भिंत खचून कुणाचा तरी संसार गाडला जातोच. या आठवड्यात मात्र एडिनबऱ्यात दिवसभर पायी फिरलो आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला दगडविटांत उभं दिसलं.

पायीच का, हेही सांगतो. हॉटेलात एका मराठी सहलीतली मंडळी भेटली. त्यांच्या छापील कार्यक्रमात किल्ला होता, राजवाडा होता आणि मधल्या अख्ख्या जुन्या शहराला 40 मिनिटं होती. वाईट वाटलं. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंतचा रस्ता दोन किलोमीटरही भरत नाही, पण तो माशाच्या कण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना त्याला अरुंद बोळांचे काटे फुटलेले आहेत आणि खरं शहर त्या बोळांत आहे. तिथे बस शिरत नाही.

बहुतेक लोक किल्ल्यावरून उतरत येतात. मी होलीरूडहून चढत गेलो. चढताना चाल आपोआप मंदावते आणि बोळांची तोंडं दिसू लागतात. तिथले लोक बोळाला ‘क्लोज’ म्हणतात, वाहत्या गल्लीला ‘वाइंड’. प्रत्येक क्लोजच्या तोंडाशी नावाची पाटी. फ्लेशमार्केट क्लोज, म्हणजे खाटकांच्या बाजाराचा बोळ. ओल्ड फिशमार्केट क्लोज, म्हणजे जुन्या मासळीबाजाराचा. बेकहाउस क्लोज भटारखान्याचा आणि अ‍ॅडव्होकेट्स क्लोज वकिलांचा. बाजार कधीच उठले, पण पाट्या आहेत. जुने वाचक ओळखतील, हा माझा आवडता हट्ट आहे : बोळांना पाट्या लावा. ज्या बोळाला नाव असतं तो नकाशावरून पुसणं जड जातं. याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण इतकी गावं पाहिल्यावर माझी तशी खात्री झाली आहे.

हाय स्ट्रीटच्या मध्यावर, उत्तरेच्या बाजूला पेस्ली क्लोज लागतो. त्याच्या कमानीवर एका मुलाचा दगडी चेहरा कोरलेला आहे आणि भोवती दगडाच्याच पट्टीवर स्कॉट बोलीतले चार शब्द. आपल्या भाषेत अर्थ असा : ओढा रे गड्यांनो, मी अजून मेलेलो नाही. 1861च्या नोव्हेंबरात भर रात्री इथली जुनी, उंच इमारत कोसळली. 35 माणसं गेली. आता कुणी जिवंत सापडणार नाही असं वाटत असताना ढिगाऱ्याखालून एका पोराचा आवाज आला. त्याला बाहेर काढलं. नव्या इमारतीवर त्याचा चेहरा आणि त्याचे शब्द कोरले.

मी त्या कमानीखाली बराच वेळ उभा होतो. माझ्या वाचकांचा प्रश्न तिथे दगडात कोरलेला होता.

ती कोसळलेली इमारत इतकी खिळखिळी का झाली होती, तेही आपल्या ओळखीचं आहे. 1767मध्ये जेम्स क्रेगचा आराखडा मंजूर झाला आणि खोलगट भागापलीकडे सरळ रस्त्यांचं नवं शहर उभं राहू लागलं. ऐपतदार कुटुंबं तिकडे गेली. जुन्या शहरातल्या त्यांच्या घरांत एकेका खोलीला एकेक कुटुंब शिरलं. भाडं घेणारा दूर, राहणारा गरीब आणि डागडुजी कुणाचीच नाही. आपल्या पेठांतले किती वाडे याच वाटेनं गेले ते मी वेगळं सांगायला नको.

दुर्घटनेनंतर शहर जागं झालं. 1862मध्ये डॉ. हेन्री लिटलजॉन यांना पहिले आरोग्याधिकारी नेमलं. 1865मध्ये त्यांनी शहराच्या आरोग्यावर अहवाल दिला. 1867मध्ये नगरप्रमुख विल्यम चेंबर्स यांच्या पुढाकारानं सुधारणा कायदा झाला आणि पाडापाडी सुरू झाली. तिचं फळ पेस्ली क्लोजजवळच, रस्त्याच्या पलीकडे दिसतं. ब्लॅकफ्रायर्स वाइंड नावाची चिंचोळी गल्ली होती, तिची एक बाजू पाडून ब्लॅकफ्रायर्स स्ट्रीट केला. खाली सेंट मेरीज वाइंडचा सेंट मेरीज स्ट्रीट झाला. आज तिथे उभं राहिलं की रस्ता रुंद आहे, हवा आहे, उजेड आहे. त्या लोकांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण तिथे राहणारे गरीब नव्या इमारतींत आले नाहीत. त्यांना ते भाडं झेपणारं नव्हतं. ते शेजारच्या, न पाडलेल्या बोळांत गेले आणि तिथली दाटी वाढली.

हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर चढावर दहा मिनिटांवर आहे.

सेंट जाइल्सचं चर्च मागे टाकून लॉनमार्केटमध्ये गेलं की उजव्या हाताला जेम्स कोर्टचा बुटका, अंधारा बोगदा लागतो. आपल्या वाड्याची देवडीच. वाकावंसं वाटतं, चार पावलं अंधारात पडतात आणि एकदम चौक उघडतो : खाली फरसबंदी, चारी बाजूंना उंच घरं आणि वर आभाळाचा तुकडा. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम एके काळी इथे राहत होता. 1880च्या दशकापर्यंत मात्र याची गलिच्छ वस्ती झाली होती. तेव्हा पॅट्रिक गेडिस नावाचा वनस्पतिशास्त्राचा तरुण अभ्यासक, 1886मध्ये लग्न झाल्यावर लवकरच, बायको अ‍ॅना हिच्यासह इथे राहायला आला.

नवराबायको आधी राहिले आणि मग कामाला लागले. शेजाऱ्यांना हाताशी धरून खोल्यांना सफेदी केली, खिडक्यांत फुलझाडं लावली. जी इमारत अगदीच निकामी, तेवढीच काढली, म्हणजे मागच्या घरांना ऊन-वारा मिळेल. बाकीच्या दुरुस्त केल्या. पुढे गेडिसच्या प्रेरणेनं जुन्या शहरातल्या रिकाम्या जागा मोजल्या, तर सुमारे 75 तुकडे निघाले, मिळून 10 एकर. त्यांतल्या काहींच्या बागा झाल्या आणि त्यांची आखणी त्याची मुलगी नोरा हिनं केली. या पद्धतीला गेडिस शस्त्रक्रिया म्हणे, पण राखून केलेली : दुखरा भाग तेवढा काढायचा, अवयव वाचवायचा.

समोरच्या बाजूला रिडल्स कोर्ट आहे. 1590च्या दशकात जॉन मॅकमॉरन या श्रीमंत व्यापाऱ्यानं तो बांधला. 1595मध्ये सुटीसाठी शाळा अडवून बसलेल्या मुलांना आवरायला तो गेला आणि एका विद्यार्थ्याच्या गोळीनं मेला. त्याच घरात गेडिसनं विद्यार्थ्यांचं वसतिगृह केलं. चौकातून आतल्या चौकात जाताना कमानीवर लॅटिन अक्षरं आहेत. अर्थ, जगता जगता आपण शिकतो. आज तिथे गेडिसच्या नावाचं केंद्र आहे. सव्वाचारशे वर्षांचं घर, दुरुस्त होऊन, वापरात.

हाच गेडिस आपल्याकडे आला होता, हे किती जणांना माहीत आहे? 1914मध्ये त्यानं नगररचनेचं आपलं प्रदर्शन बोटीनं भारतात पाठवलं. ती बोट जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेनं बुडवली. त्यानं साहित्य पुन्हा जमवलं आणि प्रदर्शन भरवलंच. 1919मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये त्याच्या हाताखाली शिकले आणि त्याच्यामागून त्यांनी तो विभाग उभा केला. प्लेगनंतर 1898मध्ये स्थापन झालेला सुधारणा ट्रस्ट तेव्हा मुंबईच्या दाट वस्त्यांतून सरळ रस्ते काढत होता, म्हणजे ब्लॅकफ्रायर्स स्ट्रीटचाच कित्ता. गेडिस आपल्या अहवालांतून उलट सांगत राहिला : आधी पायी हिंडा, घरन्‌घर बघा, मग आखा.

तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी नगरपालिकेची चौकटबंद रस्त्यांची योजना होती, खर्च निदान 30 हजार रुपये. गेडिसनं वस्तीत फिरून घरं राखणारा आराखडा दिला, खर्च सुमारे 5 हजार. जतन महाग पडतं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत. इंदूरला होळकरांच्या राज्यात दिवाळीची मिरवणूक निघणार होती. गेडिसनं जाहीर केलं की ज्या वस्तीत सर्वांत जास्त घरं झाडून, सावरून होतील, तिथूनच ती जाईल. लोक आपणहून कामाला लागले. त्याचा इंदूरवरचा मोठा अहवाल 1918मध्ये छापला गेला.

तेव्हा पत्रलेखकांना माझं उत्तर असं. वाडा माणसांच्या अंगावर पडू द्यायचा नाही, हे पहिलं. पण पडेल म्हणून सगळी ओळ पाडायची, हा त्यावर एकच इलाज नव्हे आणि सर्वांत चांगला तर नव्हेच. पेस्ली क्लोजच्या धड्यातून एडिनबऱ्यानं दोन्ही इलाज करून पाहिले. पहिल्यानं रस्ता मिळाला. दुसऱ्यानं घरं मिळाली.

एक विनंती महापालिकेतल्या आखणी करणाऱ्यांना. पेठेच्या नकाशावर तांबडी रेघ ओढण्याआधी तिथल्या एखाद्या वाड्यात आठ दिवस मुक्काम करा. आणि जे वाचक सहलीला एडिनबऱ्याला जाणार आहेत त्यांना : त्या 40 मिनिटांत बसकडे परतू नका. बसवाल्याला सांगा, संध्याकाळी भेटू. मग होलीरूडहून चढायला लागा आणि पेस्ली क्लोजच्या कमानीखाली थांबून वर बघा.